प्रतिपिंड

सिस्टरने नळीवरचं छोटं चाक अंगठ्याने सरकवून बंद केलं आणि मग सुहासकडे पाहिलं. वर टांगलेली पिशवी अर्ध्याहून जास्त रिकामी झाली होती. आत उरलेला प्लाझ्मा पिवळा होता. वरण थोडा वेळ तसंच ठेवलं की वर पाणी तरंगतं, तसा.

सुहास कोपरावर जोर देऊन उठू पाहत होता. सापाने चावलेला त्याचा हात मनगटापासून दंडापर्यंत सुजला होता, पण त्या हाताकडे आता कोणाचंच लक्ष नव्हतं.

"जड झालंय," तो म्हणाला. "छातीत."

"आत्तापर्यंत बरे होतात ना हो तुम्ही?" सिस्टर म्हणाली, जणू त्याने दिलेला शब्द मोडला होता. मग ती दाराकडे वळून ओरडली, "अनन्या मॅडमना बोलवा!" आणि त्याच्या बायकोला, लीनाला, म्हणाली, "ताई, बाहेर व्हा. काकू, तुम्हीपण. ती बाटली राहू द्या तिथे."

बाहेर बाकावर लीनाचे सासरे शामकांत जप करत बसले होते. घरात त्यांना सगळे अप्पा म्हणत. त्यांनी डोळे उघडून दोघींकडे पाहिलं आणि माळ थांबवली, पण मणी सोडला नाही. लीनाच्या कोपराच्या आत अजून कापसाचा बोळा चिकटलेला होता. त्या पिशवीतला प्लाझ्मा दुपारी तिच्याच रक्तातून काढला होता.

"तुझंच लावल्यावर झालं ना ग हे?" सासूबाईंनी, देवश्रीबाईंनी, विचारलं.

त्यांचा सूर आरोपाचा नव्हता. दूध नासल्यावर ते कालचं होतं का असं विचारतात, तसं त्यांनी विचारलं होतं. त्यापेक्षा आरोप लीनाला चालला असता.

संकष्टीला गणपतीसाठी दूर्वा खुडायला म्हणून सुहासने सोनईतल्या घरामागच्या गवतात हात घातला होता. गवतात घोणस होती. सापाला संकष्टी नव्हती. नगरच्या या हॉस्पिटलमध्ये आणेपर्यंत सुहासच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं, आणि सापाच्या विषावरची इंजेक्शनं देऊन झाली तरी ते थांबेना. रक्त गोठवणारा माल विषाने संपवून टाकलाय, तो बाहेरून द्यावा लागेल, म्हणजे प्लाझ्मा चढवावा लागेल, असं डॉक्टर अनन्याने सांगितलं. सुहासचा रक्तगट एबी. त्या गटाचा प्लाझ्मा रक्तपेढीत शिल्लक नव्हता. संभाजीनगरहून यायला वेळ लागणार होता.

लीनाचा गट एबी निघाला, तेव्हा देवश्रीबाईंना तेवढ्यातही आनंद झाला. रक्तपेढीतल्या करण नावाच्या मुलाला त्यांनी सांगितलं, "लग्नात एकतीस गुण जुळले होते. आता रक्तही जुळलं बघा."

"एक नंबर, काकू," करण म्हणाला आणि त्याने विचारायला सुरुवात केली. कावीळ झाली होती का? मलेरिया? टॅटू? सगळ्यांची उत्तरं देवश्रीबाईच देत होत्या. टॅटूला त्या "अय्या" म्हणाल्या.

"आधी कधी दिवस गेले होते?"

"नाही," देवश्रीबाई म्हणाल्या. "अजून काहीच नाही."

करणने मान वर करून लीनाकडे पाहिलं. लीना सोनईच्या शाळेत भूगोल शिकवायची. उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलं तिला चेहऱ्यावरून ओळखू यायची. तिने भिंतीवरच्या पोस्टरकडे पाहिलं. पोस्टरवर रक्ताचा एक थेंब हसत होता.

"वजन?" करणने विचारलं.

वजन मात्र तिचं तिला सांगावं लागलं.

*

सुहासला श्वासाच्या मशीनवर ठेवलं. संध्याकाळी डॉक्टर अनन्या बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर टोपीचा वळ होता. तिने विचारलं, "पेशंटच्या मिसेस?" आणि तिघेही उठले.

"फक्त मिसेस."

"आम्ही सगळे त्याचेच आहोत," अप्पा म्हणाले.

अप्पांनी पहिल्याच दिवशी अनन्याला दोन गोष्टी बजावल्या होत्या. इंग्रजीत बोललात तर आम्हाला कळणार नाही, आणि लहान मुलाला सांगतात तसं सोपं करून सांगितलंत तर आम्हाला आवडणार नाही. त्यामुळे ती त्यांच्याशी दहावीच्या पुस्तकातलं मराठी आठवून आठवून बोलत होती.

"सापाचं विष आटोक्यात आहे," ती म्हणाली. "हे दुसरं आहे. फुप्फुसात पाणी भरलंय. प्लाझ्मामुळे झालं असावं. मिसेसच्या प्लाझ्मामध्ये बहुतेक प्रतिपिंड होते, आणि त्या पिंडांनी..."

"पिंड?" देवश्रीबाई म्हणाल्या.

"प्रतिपिंड."

पण देवश्रीबाईंनी पुढचं ऐकलंच नाही. चाळीस वर्षं त्यांच्या घरात पिंड हा शब्द एकाच कारणासाठी येत होता. अप्पा भिक्षुकी करत. प्रवरासंगमावर दहाव्याला आलेल्या लोकांकडून पिंड ठेवून घेत, आणि त्यासाठी लागणारे काळे तीळ देवश्रीबाई घरून निवडून देत. त्यांनी भिंतीला हात टेकला आणि गळा काढला.

"अरे माझ्या सुहास! अहो, पिंडाची भाषा बोलतायत हो या!"

दाराशी बसणारा वैजनाथ गार्ड लगेच आला. त्याला सवय होती.

"आजी, हितं रडायचं न्हाई. बाकीच्या पेशंटला तरास होतो. रडायला खाली पार्किंगमदी जागा हाय."

"आई, जिवंत आहे तो," लीना म्हणाली. "आई! जिवंत आहे."

"आहे," अनन्या घाईने म्हणाली. "अहो काकू, अँटीबॉडी. अँटीबॉडी म्हणायचं होतं मला."

देवश्रीबाईंचं रडणं जागच्या जागी थांबलं. त्यांनी पदराने नाक पुसलं.

"मग सरळ अँटीबॉडी म्हणावं की! कोविडमध्ये सगळ्यांना होत्या त्या."

वैजनाथ परत खुर्चीकडे गेला. अप्पा मात्र त्या शब्दापाशीच थांबले होते.

"प्रतिपिंड," ते हळूच म्हणाले. "पिंड म्हणजे देह. आणि गर्भालाही पिंडच म्हणतात." मग थोड्या वेळाने, "कोणी केला हो हा शब्द?"

"पुस्तकात होता," अनन्या म्हणाली.

ती लीनाकडे वळली. "ताई, शरीरात दुसऱ्या माणसाच्या पेशी आल्या ना, की शरीर त्यांची खूण लक्षात ठेवतं. त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंड करतं. पुढे कधी तशा पेशी भेटल्या की ते त्यांना धरतात. तुमच्या प्लाझ्मातून ते यांच्या अंगात गेले, यांच्या पांढऱ्या पेशी धरल्या, आणि त्या फुप्फुसात जाऊन चवताळल्या. हा माझा अंदाज आहे. नमुने पुण्याला पाठवलेत, दोन दिवसांत कळेल. तुम्हाला आधी कधी रक्त चढवलं होतं?"

"नाही."

"दिवस गेले होते?"

"नाही हो," देवश्रीबाई म्हणाल्या. "तिकडे सांगितलं की त्या मुलाला..."

"हो," लीना म्हणाली. "एकदा."

ती कोपरातला बोळा दाबत होती. तिथलं रक्त केव्हाच थांबलं होतं.

"किती महिन्यांचं होतं?"

"पाचवा लागला होता."

अनन्याने श्वास सोडला. "मग ते आधी का नाही सांगितलंत? आम्ही मुद्दाम विचारतो. दिवस जाऊन गेलेल्या बाईचा प्लाझ्मा आम्ही देतच नाही, याच कारणासाठी. आम्ही थांबलो असतो. संभाजीनगरहून येईपर्यंत काढली असती रात्र. विचारलं नव्हतं का तुम्हाला?"

"विचारलं होतं," लीना म्हणाली. "उत्तरही दिलं होतं."

अनन्याने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. देवश्रीबाई पर्सची चेन लावत होत्या. ती आधीच लागलेली होती.

"मला एक सांगा," अप्पा म्हणाले. "तुम्ही म्हणता खूण. ती खूण कोणाची?"

"बाळ अर्धं आईचं असतं, अर्धं वडिलांचं. आईच्या शरीराला परकं वाटतं ते वडिलांचं अर्धं."

"म्हणजे सुहासची."

"बहुतेक. रिपोर्ट आला की नक्की सांगता येईल."

"म्हणजे त्या चाचणीत कळेल," अप्पा म्हणाले, "की होतं."

"काय होतं?"

अप्पा माळ घेऊन बाकावर बसले. अनन्या क्षणभर थांबली आणि आत निघून गेली.

*

त्या गोष्टीला सात वर्षं झाली होती. तेव्हा अधिक महिना चालू होता. अधिक ज्येष्ठ.

लीनाला दिवस गेल्याचं घरात चौघांनाच माहीत होतं. तिसऱ्या महिन्यात सासूने सुनेची गुपचूप ओटी भरायची असते, चोरओटी म्हणतात तिला. पण नेमके तेव्हा अप्पांचे एक लांबचे चुलतभाऊ इंदूरला वारले. त्यांना घरातल्या कोणीही कधी पाहिलं नव्हतं. त्यांचं सुतक दहा दिवस पाळलं. मग देवश्रीबाईंचे गुडघे दुखायला लागले, मग अधिक लागला, आणि अधिकात शुभ काही करायचं नाही असं ठरलं. सोनोग्राफीसुद्धा शुभ कार्यात धरली गेली.

त्या दिवशी दुपारी लीनाने कुकर लावला होता. शिट्ट्या झाल्या तेव्हा ती न्हाणीघरात होती आणि गॅस बंद करायला कोणी नव्हतं. भात खाली लागला. गल्लीतल्या नर्सबाई आल्या, इंजेक्शन दिलं, पोट दाबून पाहिलं आणि जुन्या साडीत गुंडाळून जे न्यायचं ते घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांना कर्जतला जायचं होतं. तिथल्या एका व्यापाऱ्याने भागवत सप्ताह ठेवला होता, मांडव पडला होता, वाचायला अप्पाच बसणार होते. घरात पाचव्या महिन्यातलं गेलं म्हटलं असतं तर घरातल्या सगळ्यांना तीन दिवस सुतक आलं असतं आणि कर्जतला दुसरा कोणी बसला असता. अप्पांनी माजघरात देवश्रीबाईंना विचारलं, "ओटी भरली होती का?"

"नाही. राहिलीच की ती."

"मग काही नव्हतं," अप्पा म्हणाले.

हे ते रागाने बोलले नव्हते. एखादी तिथी क्षयाची आहे, पंचांगात धरू नका, असं यजमानाला सांगावं तसं ते बोलले. देवश्रीबाईंनी लगेच ते उचललं. पाळी तटली होती, मग आली, असं शेजारी सांगितलं गेलं. सुहास ओसरीवर होता. तो काही बोलला नाही. रात्री त्याने टेबल पंखा तिच्या बाजूला वळवला आणि स्वतः घामात झोपला. त्यानंतर लीनाला पुन्हा दिवस गेले नाहीत. त्यामुळे काही नव्हतं हे दर वर्षी जास्त जास्त खरं होत गेलं.

*

सोनईत बातमी पोचेपर्यंत साप मागे पडला होता आणि सून पुढे आली होती. दुसऱ्या दिवशी देवश्रीबाई चहा आणायला गेल्या असताना त्यांचा मोबाईल वाजला. लीनाने उचलला. शेजारच्या कडूबाई होत्या, आणि त्यांनी हॅलो ऐकण्यासाठी वेळ घालवला नाही.

"वैनी, ऐका माझं. त्या सुनेला पोराजवळ फिरकू देऊ नका. सापाचं इख उतरलं म्हंत्यात, पन हिच्या रक्तात लई वंगाळ काय हाय म्हंत्यात. सात वर्सं कूस उजवली न्हाई, ती काय उगच का?"

"काकू, मी लीना."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज आला.

"मंग कशी हायेस बाई?" कडूबाई म्हणाल्या. "जेवलीस का?"

"जेवले."

"जेवत जा. आबाळ करू नको."

लीनाने फोन ठेवला तेव्हा अप्पा तिच्याकडेच पाहत होते. कडूबाईंचा आवाज फोनमध्ये मावत नसे.

"तू त्या मुलासमोर का बोलली नाहीस?" त्यांनी विचारलं. "काल. रक्तपेढीत."

लीनाला खोटं उत्तर द्यायचं नव्हतं आणि खरं तिलाही नीट ठाऊक नव्हतं.

"आई नाही म्हणाल्या," ती म्हणाली. "मला वाटलं, आता तेच आहे."

"तुझ्या नवऱ्याच्या जिवाचा प्रश्न होता."

"हो."

आत मशीन दोनदा वाजलं आणि गप्प झालं. दोघांनी काचेकडे पाहिलं. सुहासची छाती मशीनच्या तालावर वरखाली होत होती, आणि त्या तालात सुहासचं असं काही नव्हतं. तो कधी इतका नियमित नव्हता. लीना उठून काचेजवळ गेली. आपण त्याला मारलं तर, हा विचार तिच्या मनात काल संध्याकाळपासून होता. आता तो इतका जुना झाला होता की त्याच्याबरोबर तिने सकाळी दातही घासले होते.

"तेव्हाही तू काही बोलली नव्हतीस," अप्पा तिच्या पाठीमागून म्हणाले.

"बोलले होते." तिने मागे पाहिलं नाही. "तुम्ही कर्जतची पिशवी भरत होतात. सोवळं सापडत नव्हतं तुम्हाला."

माळेचे मणी पुन्हा सरकायला लागले. मग थांबले.

त्या रात्री अप्पांनी काही खाल्लं नाही. देवश्रीबाईंनी दोनदा विचारलं, तेव्हा पोट ठीक नाही म्हणाले. त्यांनी पंचांग बाहेर काढलं, या वर्षीचं, आणि ते न उघडता पुन्हा पिशवीत ठेवलं.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी सुहासचं मशीन काढलं. दुपारपर्यंत तो नुसत्या नळीच्या ऑक्सिजनवर होता आणि सिस्टरशी भांडत होता, कारण ती त्याला चहा देत नव्हती. सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, "घ्या, झाले तुमचे पेशंट बरे. लई किरकिर आहे हो यांची." देवश्रीबाईंनी तिचे हात धरले आणि ते कपाळाला लावले. लीना बाकावरच बसून राहिली. तिने दोन्ही तळवे मांडीवर उलटे करून ठेवले, आणि त्यांच्याकडे पाहिलं.

डॉक्टर अनन्या चारच्या सुमाराला आली. या वेळी ती येऊन बाकावरच बसली, लीनाच्या शेजारी.

"पुण्याहून कळवलंय," ती म्हणाली. "तुमच्या प्लाझ्मातले प्रतिपिंड यांच्याच पेशींविरुद्धचे आहेत. जुळलं. म्हणजे ते त्या बाळापासूनचेच. दुसरीकडून येण्यासारखं काही तुमच्या बाबतीत झालेलंच नाही."

"सात वर्षं राहतात?" लीनाने विचारलं.

"सगळ्यांचे नाही राहत. तुमचे राहिले." मग तिला वाटलं की हे जरा कोरडं झालं. "तुमच्या तब्येतीला त्यांचा त्रास नाही. फक्त प्लाझ्मा पुन्हा कोणाला देऊ नका. आणि ताई, यात तुमची चूक नाही. शरीर असं मुद्दाम करत नाही."

लीनाने मान हलवली. तुमचे राहिले, एवढंच तिने ऐकलं होतं.

देवश्रीबाई समोर उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "त्यात मुलगा होता की मुलगी, ते कळतं का हो?"

"ते आम्ही सांगत नाही," अनन्याच्या तोंडून आपोआप निघालं. "कायद्याने गुन्हा आहे."

अनन्याचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"सॉरी," ती म्हणाली. "म्हणजे... यातून ते कळतच नाही, काकू."

"नाही ना," देवश्रीबाई म्हणाल्या. "असू दे. मी आपलं विचारलं."

अप्पा उठले. ते कोणाकडे न पाहता, भिंतीच्या कडेकडेने, जिन्याकडे चालत गेले. त्यांच्या चपला बाकाखालीच राहिल्या. अनन्या गेली. देवश्रीबाई लीनाच्या शेजारी बसल्या, पण मधे पिशवी ठेवून. पिशवीत सुहासचा टॉवेल आणि सापडेनाशी झालेली फणी होती. त्या फणी शोधत राहिल्या.

बऱ्याच वेळाने जिन्याकडून वैजनाथचा आवाज आला.

"ओ आजोबा! आजोबा, थांबा! पाइप फुटला काय खाली?"

अप्पा वर येत होते. सदरा अंगाला चिकटला होता, धोतराचा सोगा पायांत अडकत होता, आणि डोक्यावरून पाणी थेट डोळ्यांत उतरत होतं. ते पुसत नव्हते. प्रत्येक पायरीवर थोडं थोडं पाणी ठेवत ते आले आणि बाकापासून चार हातांवर थांबले.

"पाइप नाही," ते म्हणाले. "अंघोळ केली. पार्किंगमध्ये गाड्या धुवायचा नळ आहे."

"कापडासकट?"

"तशीच करायची असते."

वैजनाथला ते लगेच समजलं. त्याने टोपी काढली. "आरं देवा. कोन गेलं?"

देवश्रीबाई ताडकन उठल्या होत्या. "सुहास? अहो, सुहासला आत काही..."

"सुहास चहा मागतोय," अप्पा म्हणाले.

"मग कोण?"

"आमच्या घरातलंच," अप्पांनी वैजनाथला सांगितलं, जणू त्यानेच विचारलं होतं. "सात वर्षं झाली. बातमी आज आली."

"सात वर्सं?" वैजनाथने टोपी छातीशी धरली. त्याने या गोष्टीचा गंभीरपणे विचार केला. "रेंज नसंल तिकडं."

"नसेल."

देवश्रीबाई अप्पांकडे पाहत राहिल्या. मग लीनाकडे. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, गळ्यातली पर्स काढली, मोबाईल काढला आणि एकेक करून सगळं लीनाच्या मांडीवर ठेवलं. शेवटी चष्मा ठेवला.

"नळ कुठे म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"जिना उतरलं की डावीकडे. बादली नाही. पाइप आहे."

"आजी, मी येतो, पाइप धरतो," वैजनाथ म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. "न्हाई, म्हंजी, मावशीला पाठवतो. झाडूवाल्या मावशीला."

देवश्रीबाई दोन पावलं गेल्या आणि वळल्या. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा वेगळा दिसत होता, तरुण नाही, पण कोणीतरी दुसरीच.

"सुहासला सांगायचं का हो? त्याने काय करायचं? त्याला तर पाणीही लावायचं नाही अजून."

अप्पांनी अवघड प्रश्न आला की मिटत तसे डोळे मिटले. पापण्यांवरून थेंब पडले.

"त्याला नको," ते म्हणाले. "त्याला तेव्हाच माहीत होतं. लीनालाही नको. ही अंघोळ उशिरा कळलेल्याने करायची असते. ज्याला आज कळलं, त्याने."

देवश्रीबाईंनी मान डोलावली आणि त्या वैजनाथच्या मागून जिना उतरायला लागल्या, कठड्याला धरून, एकेक पायरी चाचपत.

लीना त्यांच्या पाठीकडे पाहत होती. त्या दिसेनाशा झाल्यावर तिने मांडीवरचा चष्मा उचलला, त्याच्या काड्या मिटल्या आणि तो पदरात ठेवला.

"मग तुम्ही कशाला केलीत, अप्पा?"

प्रश्न साधा होता. वर्गात ती याच आवाजात विचारत असे, नद्या पूर्वेकडे का वाहतात.

अप्पांनी ओल्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. तिथे काही नव्हतं. आतून सुहासचा आवाज आला. तो सिस्टरला सांगत होता की बिनसाखरेचा चालेल, पण चहा द्या. अप्पांच्या धोतरातून पाणी निथळत होतं, फरशीवर जमत होतं, आणि उताराने बाकाकडे यायला लागलं होतं.

"तेव्हाची राहिली होती," ते म्हणाले.

पाणी लीनाच्या पायापर्यंत आलं. ते गार होतं. तिने पाय मागे घेतला नाही.